मागे कोणी नाही, मग पैसा कोणासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय चाळिशीच्या आसपास, एकटे राहता, लग्नाचा विचार नाही, मुलंबाळं नाहीत. पगार बरा आहे. आता बढती समोर आली आहे. पैसे वाढतील, पण कामाचे तासही वाढतील. "लोक बायकामुलांसाठी राबतात. मी कोणासाठी राबायचं? एकट्या माणसाने श्रीमंतीच्या मागे लागण्यात काही अर्थ आहे का?"

आर्थिक नियोजनाच्या कामात हा प्रश्न वारंवार समोर येतो, आणि बहुतेक वेळा त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला: सुरक्षित राहायला मला किती पुंजी लागेल? दुसरा: तेवढी जमल्यावरही आणखी कमवत राहावं का? दोन्हींना मिळून एकच उत्तर शोधलं की फसगत होते. कोणी 'एकटा जीव सदाशिव' म्हणत पन्नाशीपर्यंत काहीच साठवत नाही, तर कोणी गरजेच्या तिप्पट साठवूनही थांबत नाही. माझं मत आधीच सांगतो. एका ठरावीक आकड्यापर्यंत पैशामागे लागणं एकट्या माणसाला संसारी माणसापेक्षाही जास्त गरजेचं आहे. त्या आकड्याच्या पुढे मात्र त्याच्याकडे राबण्याची कारणं इतरांपेक्षा कमी उरतात.

हे सगळं परिस्थितीवर ठरतं, तेही मान्य करायला हवं. आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत का, निवृत्तिवेतन मिळणार आहे का, तुम्ही राहता तिथे उपचारांचा खर्च सरकार उचलतं की तुम्ही, घर स्वतःचं आहे की भाड्याचं, आणि काम बसून करण्याचं आहे की अंगमेहनतीचं, यातली एक गोष्ट बदलली तरी आकडा बदलतो. शिवाय आज एकटा असलेला माणूस पुढेही एकटाच राहील असं नाही, म्हणून हिशोबात थोडी जागा मोकळी ठेवावी.

आधी एक समज तपासू: 'एकट्याला खर्च तो काय लागतो?' एकूण खर्च कमी लागतो, पण माणशी जास्त लागतो. कुटुंबांच्या राहणीमानाची तुलना करताना ओईसीडीची (बहुतांश विकसित देशांची आर्थिक संघटना) सुधारित मापनपट्टी बऱ्याच ठिकाणी वापरतात. तिच्यात पहिल्या प्रौढाला १, दुसऱ्या प्रौढाला ०.५ आणि प्रत्येक मुलाला ०.३ असा भार धरतात. म्हणजे एकट्याला जे राहणीमान १ मध्ये पडतं तेच दोघांना १.५ मध्ये, माणशी ०.७५ मध्ये पडतं. त्याच राहणीमानासाठी एकटा माणूस माणशी एक तृतीयांश जास्त मोजतो. भाडं, वीज, वाहन, घरातली उपकरणं, यांची वाटणी करायला दुसरं कोणी नसतं.

उत्पन्नाचंही तसंच. दोघं कमावत असलेल्या घरात एकाची नोकरी गेली तर थोडंफार उत्पन्न चालू राहतं. तुमची गेली तर शून्य. म्हणून आणीबाणीचा निधी साधारण ३ ते ६ महिन्यांच्या खर्चाएवढा सांगतात, तो एकट्याने ९ ते १२ महिन्यांचा ठेवावा. त्यातला २-३ महिन्यांचा भाग बचत खात्यात आणि बाकीचा लगेच मोडता येईल अशा ठेवीत. यापेक्षा जास्त रोकड पडून राहू देऊ नये. ७२ ला महागाईच्या टक्क्यांनी भागलं की पैशाची खरेदीशक्ती निम्मी व्हायला लागणारी वर्षं ढोबळमानाने मिळतात; महागाई ६ टक्के असेल तर ७२ भागिले ६, म्हणजे सुमारे १२ वर्षं.

आता 'कोणासाठी' या तुमच्या शब्दाकडे येतो. संसारी माणसाच्या मागे एक दुसरं माणूस असतं, आणि ते माणूस चार कामं न बोलता करत असतं: गरज पडली तर कमावतं, आजारपणात उशाशी बसतं, तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत नसाल तेव्हा तुमच्या वतीने निर्णय घेतं, आणि म्हातारपणी तुमचा तोल ढळतोय का याकडे लक्ष ठेवतं. एकट्या माणसाला ही चारही कामं काही पैशाने, काही कागदपत्रांनी आणि काही मित्रांच्या भरवशावर उभी करावी लागतात. म्हणून कोणासाठी या प्रश्नाचं माझं उत्तर आहे: सत्तरीतल्या तुमच्यासाठी. त्या माणसाला पैसे पुरवणारं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

पहिल्या कामाचा, म्हणजे उत्पन्नाचा, सगळ्यात मोठा धोका मृत्यू नसून कमावण्याची ताकद जाणं हा आहे. इथे विम्याची निवड नेमकी उलटी झालेली दिसते. कोणीच अवलंबून नसलेल्या माणसाच्या गळ्यात आयुर्विमा मारला जातो. आईवडील अवलंबून असतील किंवा तुमच्या कर्जाला दुसरं कोणी जामीन असेल तर तेवढ्यापुरता मुदत विमा घ्यावा, एरवी गरज नाही. तुम्हाला हवाय तो आरोग्य विमा आणि अपंगत्व आल्यास दरमहा उत्पन्न देणारा विमा. हा दुसरा घेताना तीन गोष्टी वाचाव्यात. 'स्वतःचा व्यवसाय करता येत नाही' एवढ्यावर पैसे मिळतात की 'कोणतंच काम करता येत नाही' असं सिद्ध करावं लागतं? पहिल्या प्रकारची व्याख्या तुमच्या फायद्याची. दुसरं, प्रतीक्षाकाळ, म्हणजे अपंगत्व आल्यापासून पैसे सुरू होईपर्यंतचा काळ, किती, ३० दिवस, ९० की १८०? तो जितका लांब तितका हप्ता स्वस्त, आणि तुमचा आणीबाणीचा निधी तो काळ निभावून नेणार असेल तर लांबच घ्यावा. तिसरं, उत्पन्न कितव्या वर्षापर्यंत मिळणार? दोनच वर्षं देणारी पॉलिसी मोठ्या संकटात अपुरी पडते. असा विमा तुमच्याकडे मिळत नसेल तर ती जोखीम पुंजीनेच पेलावी लागेल, म्हणजे सुरुवातीची काही वर्षं बचतीचा वेग वाढवायला हवा.

दुसरं काम शुश्रूषेचं. म्हातारपणी पूर्णवेळ मदतनीस ठेवावा लागला तर ३ ते ५ वर्षांचा पगार पुरेल एवढी रक्कम नेहमीच्या पुंजीहून वेगळी धरावी, असं मी सुचवतो. ही रक्कम रोजच्या खर्चाच्या हिशोबात मिसळली की हमखास आधीच संपते.

तिसऱ्या कामाला पैसा जवळपास लागत नाही, आणि तरीही तेच सगळ्यात जास्त राहून जातं. साधं मुखत्यारपत्र अनेक कायदेव्यवस्थांमध्ये ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की निष्प्रभ होतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. त्यानंतरही टिकणाऱ्या अधिकारपत्राची सोय काही देशांत आहे, काहींत नाही. तुमच्याकडे काय चालतं ते वकिलाला याच शब्दांत विचारा. उपचारांबाबतचे निर्णय कोणी घ्यायचे आणि काय करायचं नाही याचं मृत्युपत्राहून वेगळं लेखी पत्र करावं लागतं. मृत्युपत्र नसेल तर मालमत्ता कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांकडे जाते. ज्या मित्राने वीस वर्षं साथ दिली त्याचं नाव त्या यादीत नसतं. हे सगळे कागद, खात्यांची यादी आणि विम्याचे क्रमांक एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे हे किमान दोन माणसांना माहीत असू द्या. दोन एवढ्यासाठी, की त्यातला एक तुमच्याच वयाचा असेल आणि तोही आजारी पडू शकेल.

चौथं काम लक्ष ठेवण्याचं. वय वाढतं तसे पैशाचे निर्णय चुकू लागतात, आणि एकट्या म्हाताऱ्यावर भामट्यांची नजर असते. पासष्टीच्या आत खाती कमी करा, बिलं आपोआप भरली जातील असं करा, आणि पुंजीचा काही भाग आजन्म ठरावीक उत्पन्न देणाऱ्या वार्षिकीत घाला. वारसांसाठी काही मागे ठेवायचं असणाऱ्याला वार्षिकी गैरसोयीची वाटते, कारण माणूस गेला की साध्या वार्षिकीत मागे काही उरत नाही. तुम्हाला ती अडचण नाही. फायदा मात्र पुरा आहे: पैसा आधी संपेल की मी, ही चिंता मिटते.

मग आकडा किती? १९९४ मध्ये अमेरिकी आर्थिक नियोजनकार विल्यम बेंगन यांनी अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांचा इतिहास तपासून दाखवलं, की पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे ४ टक्के काढले आणि पुढे तेवढीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली, तर पैसा ३० वर्षं टिकला असता. अमेरिकेतल्या ट्रिनिटी विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी १९९८ मध्ये केलेल्या अभ्यासाचा सूरही साधारण तसाच होता. यातूनच 'वार्षिक खर्चाच्या २५ पट' हा हिशोब रूढ झाला. पण तो ३० वर्षांसाठी आहे आणि एका देशाच्या चांगल्या इतिहासावर बेतलेला आहे. पंचेचाळिशीत थांबायचं असेल तर ४५-५० वर्षं धरावी लागतात. तिथे मी ३ ते ३.५ टक्के धरतो, म्हणजे खर्चाच्या २९ ते ३३ पट. स्वतःचं कर्जमुक्त घर या आकड्यात धरू नका. त्यामुळे वार्षिक खर्च कमी होतो, तोच त्याचा लाभ.

तिथे पोहोचायला किती वर्षं लागतात हे पगारापेक्षा बचतीच्या प्रमाणावर ठरतं. शून्यापासून सुरुवात, महागाई वजा जाता ४ टक्के परतावा (हे गृहीतक आहे, हमी नाही) आणि २५ पटींचं लक्ष्य धरलं, तर हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या १० टक्के वाचवणाऱ्याला सुमारे ५९ वर्षं लागतात, २० टक्केवाल्याला ४१, ३० टक्केवाल्याला ३१, ४० टक्केवाल्याला २३, आणि निम्मं वाचवणाऱ्याला १८ पेक्षाही किंचित कमी. ३३ पट हवी असेल तर निम्मं वाचवूनही साडेएकवीस वर्षं. बचत वाढली की साठा भरभर वाढतो आणि त्याच वेळी खर्च घटल्याने लक्ष्यही खाली येतं, म्हणून आकडे एवढ्या वेगाने उतरतात. मुलांची शिक्षणं नसल्यामुळे ४०-५० टक्के वाचवणं चांगल्या पगाराच्या एकट्या माणसाला जमण्यासारखं असतं, संसारी माणसाला क्वचितच.

मुक्कामाला पोहोचल्यावरचा मोठा धोका वाईट वर्षांच्या क्रमाचा. समजा २५ पट जमली आणि थांबलात. पहिली दोन वर्षं बाजार दर वर्षी २० टक्के पडला. १ (एका वर्षाचा खर्च) काढलात, २४ उरले, त्याचे १९.२ झाले, पुन्हा १ काढलात, १८.२ चे १४.५६ झाले. आता तोच १ म्हणजे पुंजीच्या जवळपास ७ टक्के, आणि एवढं ओझं बहुतेक पुंजी फार काळ पेलत नाही. हीच दोन वर्षं २० टक्के वाढीची निघाली असती तर हाती ३३ पटींच्या वर राहिले असते. सरासरी परतावा पुढे चांगला आला तरी सुरुवातीची पडझड भरून निघणं कठीण असतं, कारण पडलेल्या भावात विकलेले शेअर परत येत नाहीत. उपाय असा: थांबताना २-३ वर्षांचा खर्च सुरक्षित ठेवीत असावा, आणि वाईट वर्षी खर्च दहा टक्के तरी खाली आणता यावा. इथे एकटेपणा तुमच्या कामी येतो. घर लहान करणं, स्वस्त गावी जाणं, दोन वर्षं अर्धवेळ काम धरणं हे तुम्ही एका महिन्यात ठरवू शकता. म्हणूनच ऐपतीच्या टोकाचं गृहकर्ज एकट्या माणसाने घेऊ नये असं मला कळकळीने वाटतं. त्याच्याकडची सगळ्यात मौल्यवान लवचीकता त्यातच जाते.

आता तुमच्या बढतीकडे. हातातला पगार १००, खर्च ५० धरा. निम्मं वाचतं, म्हणजे शून्यापासून १७.७ वर्षं. बढतीनंतर कर जाऊन हाती १२० येतील आणि आठवड्याचे तास प्रवासासकट ५० वरून ६५ होतील असं समजू. खर्च ५० च राहिला तर बचत ५८ टक्के आणि मुदत १३.७ वर्षं, चार वर्षं वाचली. पण नव्या पदाला साजेसं घर, गाडी, कपडे, थकव्यामुळे बाहेरचं जेवण असं करत खर्च ६० वर गेला, तर बचत पुन्हा निम्मीच आणि मुदत पुन्हा १७.७. राबणं वाढलं, सुटका जागच्या जागी. खर्च ५५ वर थांबला तर साडेपंधरा वर्षं.

खर्च अजिबात न वाढवणाऱ्याचा हिशोबही पुढे करून बघा. वर्षाला कामाचे ४८ आठवडे धरले तर आधीच्या नोकरीत एकूण सुमारे ४२,५०० तास भरतात, बढतीच्या वाटेने सुमारे ४२,७००. आयुष्यातले कामाचे एकूण तास जवळपास तेवढेच; ते फक्त कमी वर्षांत कोंबले जातात. काम आवडीचं असेल आणि शरीर साथ देत असेल तर कोंबावेत. झोप, पाठ, रक्तदाब यांच्या तक्रारी आत्ताच सुरू झाल्या असतील तर हा सौदा तोट्याचा आहे. तुमचे खरे आकडे या जागी टाका, उत्तर बदलू शकेल.

आकडा गाठल्यानंतरचं संशोधन काय सांगतं? २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ कानेमान आणि अर्थशास्त्रज्ञ डीटन यांना अमेरिकेत असं आढळलं की एका पातळीनंतर उत्पन्न वाढूनही रोजच्या मनःस्थितीत फारशी सुधारणा होत नाही. २०२१ मध्ये आनंदावर संशोधन करणारे किलिंग्सवर्थ यांना तशी पातळी दिसली नाही. २०२३ मध्ये कानेमान, किलिंग्सवर्थ आणि मेलर्स यांनी एकत्र बसून दोन्हींचा मेळ घातला: बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, पण जो गट मुळातच दुःखी आहे त्याच्या बाबतीत तो एका मर्यादेनंतर थबकतो. त्या दुःखाचं मूळ पैशाच्या आवाक्याबाहेर असावं, असा त्याचा अर्थ मी घेतो. शिवाय वाढ होते ती पटीत. पगार दुप्पट झाल्यावर जो फरक पडला तेवढाच पुन्हा पडायला त्याच्याही दुप्पट लागतो. म्हणून स्वतःला विचारा: जे रिकामं वाटतंय ते पैशाने भरणारं आहे का? हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या प्रौढजीवनाच्या अभ्यासात म्हातारपणच्या तब्येतीशी सगळ्यात ठळकपणे जोडलेली गोष्ट दिसली ती माणसामाणसांतल्या नात्यांची. पंधरा वर्षं दर आठवड्याला ६५ तास देऊन मित्र टिकवणं अवघड असतं, आणि ज्या 'दोन माणसां'ना ती फाइल सांगायची ती तोवर उरलेली हवीत.

इथे आणखी काही गोष्टी चुकताना दिसतात. एकट्या माणसाला 'पुरे' म्हणणारं घरात कोणी नसतं, ना खर्चाला, ना साठवण्याला. म्हणून आकडा कागदावर लिहून तारीख घालावी. दुसरं, 'तुला काय, एकटाच तर आहेस' म्हणत नातेवाईक उसने मागतात. मदत जरूर करावी. पण वर्षाच्या सुरुवातीलाच तिची रक्कम ठरवावी, समजा उत्पन्नाच्या ५ टक्के, आणि ती परत येणार नाही असं धरूनच द्यावी. जामीन म्हणून सही मात्र करू नये, कारण तिथे तुमची जबाबदारी मुद्दलावर थांबत नाही. तिसरं, पुंजी जमल्यावरही मोडवत नाही. आयुष्यभर साठवायची सवय लागलेल्याला पैसे काढणं चोरीसारखं वाटतं, म्हणून दरमहा ठरलेली रक्कम आपोआप खर्चाच्या खात्यात येईल अशी व्यवस्था करावी. कोणाला, कोणत्या संस्थेला काही द्यायचं असेल तर ते हयातीत द्यावं, म्हणजे त्याचा उपयोग कसा होतो ते बघता येतं.

तुमच्या जागी मी क्रम असा ठेवेन: आधी वर्षभराचा निधी आणि आरोग्य विमा, मग कागदपत्रं, मग अपंगत्वाचा विमा, त्यानंतर ४० टक्क्यांच्या आसपास बचत. बढतीचा निर्णय सर्वांत शेवटी. शक्य असेल तर त्याआधी दोन-तीन महिने बिनपगारी रजा घेऊन बघा. त्या काळात दिवस खायला उठत असतील तर लवकर थांबण्याची घाई करू नका.

वर्षाचा खरा खर्च (अंदाज नको, मागच्या बारा महिन्यांचा बँकेच्या पुस्तकातून काढलेला), आजवरची पुंजी, कर्ज, आईवडिलांची जबाबदारी आणि बढतीनंतरचे प्रवासासकटचे तास एवढं कळवलंत, तर वरचा हिशोब तुमच्या आकड्यांवर बसवून देता येईल.